पिंक फ्लॉइडच्या इंद्रधनुष्यात पारवा रंग का नाही? प्रोग रॉकच्या कव्हर्सवरच्या चिन्हांची गोष्ट

जानेवारी २०२३ मधली गोष्ट. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडने आपल्या फेसबुक पेजचा फोटो बदलला. 'द डार्क साइड ऑफ द मून' या त्यांच्या अल्बमला पन्नास वर्षं होत होती, म्हणून फोटोत ५० हा आकडा होता आणि त्यातल्या शून्यात इंद्रधनुष्याचे रंग भरले होते. एवढंच.

पण खाली कमेंट्समध्ये रणकंदन झालं. स्वतःला जुने चाहते म्हणवणाऱ्या काही जणांनी बँडला फैलावर घेतलं. इंद्रधनुष्य म्हणजे एलजीबीटी चळवळीचा झेंडा, तुम्ही पण त्यात उतरलात का, आता तुमची गाणी ऐकणार नाही, असा एकूण सूर. त्यावर बाकीचे चाहते हसून हसून लोळायचे बाकी राहिले, कारण या अल्बमचं १९७३ सालचं मूळ कव्हरच मुळी इंद्रधनुष्याचं आहे. आणि गिल्बर्ट बेकर यांनी तो प्रसिद्ध झेंडा सॅन फ्रान्सिस्कोत पहिल्यांदा फडकवला १९७८ साली, म्हणजे कव्हरनंतर पाच वर्षांनी. तोही तेव्हा आठ रंगांचा होता, सहा पट्टे नंतर झाले.

कव्हर तेच आणि रंगही तेच. फक्त मधल्या पन्नास वर्षांत बघणाऱ्यांच्या डोक्यातला अर्थ बदलला. प्रोग रॉकच्या कव्हर्सचं हे नेहमीचंच दुखणं आहे. त्यांच्यावर चिन्हं भरपूर, खुलासा शून्य. अनेकदा तर बँडचं नावसुद्धा नसतं. मग ज्याला जे दिसेल ते.

आता प्रोग रॉक म्हणजे काय, हे थोडक्यात. पूर्ण नाव प्रोग्रेसिव्ह रॉक. साठच्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या काही बँड्सना तीन मिनिटांच्या प्रेमगीतांचा कंटाळा आला. त्यांनी पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत, जॅझ, लोकसंगीत असं सगळं रॉकमध्ये ओतलं आणि वीस-वीस मिनिटांची गाणी केली. अख्ख्या अल्बमला एकच कल्पना, एकच गोष्ट. अशा संगीताला चार पोरं भिंतीला टेकून उभी असलेला फोटो कसा चालणार? शिवाय तेव्हा एलपी रेकॉर्डचं कव्हर साधारण एक फूट लांब, एक फूट रुंद असायचं आणि पुस्तकासारखं उघडलं की दुप्पट. चाळीस मिनिटं रेकॉर्ड फिरतेय आणि ऐकणारा ते कव्हर मांडीवर घेऊन बसलाय. त्याला बघायला काहीतरी द्यायला हवं होतं.

प्रिझम आणि तानापिहिनिपाजा

पिंक फ्लॉइडची बहुतेक गाजलेली कव्हर्स 'हिप्नोसिस' नावाच्या लंडनच्या डिझाइन कंपनीने केली. स्टॉर्म थॉर्गरसन आणि ऑब्री पॉवेल हे दोघे त्याचे कर्तेधर्ते. या दोघांचा खाक्या विचित्र होता. १९७० च्या 'अॅटम हार्ट मदर' अल्बमच्या कव्हरवर त्यांनी एक गाय छापली. शेतात उभी राहून मागे वळून बघणारी साधी गाय. बँडचं नाव नाही, अल्बमचं नाव नाही. या गायीचा संगीताशी काय संबंध, असं लोक विचारत राहिले. काहीच संबंध नाही, हाच तिचा मुद्दा होता.

'डार्क साइड'च्या वेळी मात्र बँडचा कीबोर्ड वादक रिक राइट म्हणाला की यावेळी फोटोबिटो नको, काहीतरी साधं, नेटकं, ठसठशीत करा. चॉकलेटच्या डब्यावर असतं तसं. थॉर्गरसनला हे फारसं रुचलं नव्हतं. पण मग त्याला आणि पॉवेलला भौतिकशास्त्राच्या एका पुस्तकात काचेच्या लोलकातून जाणाऱ्या प्रकाशाचं चित्र सापडलं. बँडपुढे सात डिझाइन्स मांडली गेली, त्यात 'सिल्व्हर सर्फर' या कॉमिकमधल्या नायकाचंही एक होतं. बँडने काही मिनिटांतच प्रिझमवर बोट ठेवलं आणि सगळे परत रेकॉर्डिंगला निघून गेले.

थॉर्गरसनने या चिन्हाचे तीन धागे सांगितले होते. एक, पिंक फ्लॉइडच्या कार्यक्रमांतला झगमगता लाइट शो. दोन, त्रिकोण हे विचाराचं आणि महत्त्वाकांक्षेचं चिन्ह, आणि या अल्बमची गाणी पैसा, वेळ, वेड, मरण यांच्यामागे धावणाऱ्या माणसाबद्दल आहेत. आणि तिसरा म्हणजे राइटची फर्माईश.

प्रत्यक्ष चित्र काढलं जॉर्ज हार्डी यांनी. गंमत म्हणजे मूळ आर्टवर्क रंगीत नव्हतंच. काळ्या-पांढऱ्या रेघा आणि कुठे कोणता रंग टाकायचा याच्या छापखान्यासाठी सूचना, असा तो मामला होता.

आता जरा शाळेत जाऊ. आपल्याकडे इंद्रधनुष्याचे रंग पाठ करायला तानापिहिनिपाजा शिकवतात. तांबडा, नारंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. कव्हर घ्या आणि मोजा. सहाच पट्टे भरतात. पारवा गायब आहे! याचं कारण अजिबात गूढ नाही. पारवा आणि जांभळा हे रंग इतके जवळचे आहेत की शेजारी शेजारी छापले तर वेगळे ओळखू येत नाहीत. म्हणून हार्डींनी एक गाळला.

खरं तर सात हा आकडाच जरा ओढूनताणून आणलेला आहे. न्यूटनने लोलकातून प्रकाश पाडून बघितला तेव्हा त्याला सलग पसरलेला पट्टा दिसला होता, रंगांमध्ये कुठे कुंपण नव्हतं. संगीतात सात स्वर असतात, तर रंगही सात असावेत, या हिशेबाने त्याने त्याचे सात भाग पाडले. म्हणजे शास्त्रज्ञाने संगीतासाठी एक रंग वाढवला आणि संगीताच्या कव्हरवर चित्रकाराने तोच काढून टाकला. हा योगायोग मला तरी कुठल्याही 'गुप्त अर्था'पेक्षा जास्त आवडतो.

बाकी विज्ञान पुढच्या बाजूला बरोबर आहे. तांबडा सगळ्यात कमी वळतो म्हणून वर आणि जांभळा सगळ्यात जास्त वळतो म्हणून खाली. कव्हर उघडलं की हे पट्टे आत जातात आणि त्यातल्या एका पट्ट्याला हृदयाच्या ठोक्यांची वळणं येतात, ईसीजीमध्ये दिसतात तशी. अल्बम सुरू होतो ठोक्यांनी आणि संपतोही ठोक्यांनीच. मागच्या बाजूला हेच पट्टे उलट्या लोलकात शिरतात आणि पलीकडून पुन्हा पांढरा किरण निघतो. त्यामुळे दुकानदाराने कव्हर्स एकाला एक लावून ठेवली की प्रकाशाची रेघ तुटतच नाही.

आणि पिरॅमिड? 'इल्युमिनाटीचा त्रिकोण' वगैरे रील्स तुम्ही पाहिल्या असतील. रेकॉर्डसोबत पिरॅमिडचं पोस्टर आणि स्टिकर्स खरोखरच मिळायचे, आणि त्यासाठी थॉर्गरसन इजिप्तला गिझापर्यंत जाऊन फोटो काढून आला होता. पण ते त्याच त्रिकोणाच्या महत्त्वाकांक्षेचं पुढचं टोक होतं. मेल्यानंतरही आपण उरावं म्हणून राजांनी रचलेले दगडांचे डोंगर. हा अल्बम पुढे अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत सातशेहून अधिक आठवडे राहिला. आज ज्यांनी त्यातलं एकही गाणं ऐकलेलं नाही त्यांच्या अंगावरही तो प्रिझमचा काळा टी-शर्ट दिसतो.

आरशात बघून काढलेली किंकाळी

प्रिझम हुशार आहे, पण या सगळ्या कव्हर्समध्ये अंगावर येणारं कव्हर कोणतं असं विचारलं तर उत्तर एकच. किंग क्रिम्झन या बँडचा ऑक्टोबर १९६९ मधला पहिला अल्बम, 'इन द कोर्ट ऑफ द क्रिम्झन किंग'.

कव्हरभर फक्त एक चेहरा. गुलाबी-लाल, नाकपुड्या फुगलेल्या, तोंड आ वासलेलं, पडजीभ दिसतेय, डोळे भीतीने बाजूला वळलेले. वर ना नाव, ना गाव. रेकॉर्डच्या दुकानात इतर कव्हर्सच्या गर्दीत हा माणूस तुमच्याकडे बघून नाही, तर तुमच्या बाजूच्या कशाकडे तरी बघून किंचाळतोय.

हे चित्र काढणारा बॅरी गॉडबर हा काही नावाजलेला चित्रकार नव्हता. कलाशिक्षण घेतलेला, पण पोटासाठी कम्प्युटर प्रोग्रॅमिंग करणारा तरुण. बँडचा गीतकार पीटर सिनफिल्ड त्याचा मित्र. त्याने आरशात स्वतःचाच चेहरा वेडावाकडा करून बघितला आणि ते चित्र रंगवलं. बँड स्टुडिओत असताना ते चित्र आलं, जमिनीवर ठेवलं गेलं आणि सगळे त्याच्याभोवती गोळा होऊन बघत राहिले.

हा चेहरा म्हणजे अल्बममधल्या पहिल्याच गाण्यातला, एकविसाव्या शतकातला दुभंगलेला माणूस. काळ व्हिएतनाम युद्धाचा, टीव्हीवर रोज जळालेली गावं. कव्हर उघडलं की आत दुसरा चेहरा भेटतो. निळसर पार्श्वभूमीवर हसणारा राजा, हात आशीर्वाद दिल्यासारखे. बँडचा गिटारवादक रॉबर्ट फ्रिप यांनी एक युक्ती सांगितली आहे, ती आत्ता फोनवरही करून बघता येईल. त्या राजाच्या हसऱ्या तोंडावर बोट ठेवा आणि फक्त डोळे बघा. ते डोळे रडवेले आहेत.

अल्बम गाजत होता. फेब्रुवारी १९७० मध्ये, अल्बम येऊन चार-पाच महिनेही झाले नव्हते, तेव्हा गॉडबर हृदयविकाराच्या झटक्याने गेला. वय चोवीस. त्याने केलेलं हे एकमेव अल्बम कव्हर. मूळ चित्र नंतर बँडच्या व्यवस्थापकांच्या ऑफिसात भगभगत्या उजेडात टांगलेलं होतं. रंग उडून जातील म्हणून फ्रिप यांनी ते तिथून काढून स्वतःकडे नेलं.

श्रुती, स्मृती आणि मेक्सिकोचा पिरॅमिड

'यस' या बँडचा चित्रकार रॉजर डीन याचं जग अगदी उलटं. तिथे किंकाळी नाही, माणूससुद्धा क्वचितच. तरंगणारे खडक, कड्यावरून खाली शून्यात कोसळणारे धबधबे, दगडासारखी वळलेली झाडं. १९७१ च्या 'फ्रॅजाइल'वर छोटीशी पृथ्वी आहे, ती तडकतेय. नंतरच्या 'यससाँग्ज'च्या चित्रांत त्याच ग्रहाचे तुकडे अवकाशातून तरंगत नवीन जगात जाऊन रुजतात. म्हणजे अल्बममागून अल्बम अशी चित्रांची वेगळीच मालिका चालू होती, गाण्यांना समांतर.

यात आपल्याकडचा धागा येतो तो १९७३ च्या 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स'मध्ये. यसचा गायक जॉन अँडरसन टोकियोत दौऱ्यावर असताना परमहंस योगानंदांचं 'ऑटोबायोग्राफी ऑफ अ योगी' वाचत होता. त्यातल्या एका तळटीपेत शास्त्रांचे चार प्रकार दिले आहेत: श्रुती, स्मृती, पुराणं आणि तंत्र. अँडरसनच्या डोक्यात दिवा पेटला. दोन रेकॉर्ड्स, चार बाजू, चार गाणी. प्रत्येक बाजूला एक शास्त्र. एका तळटीपेवर ऐंशी मिनिटांचं संगीत!

मग कव्हरवर काय असावं? गंगा, हिमालय, ॐ? नाही. डीनने समुद्राच्या तळाशी एक चांदणी रात्र रंगवली. त्यात मासे पोहतायत, मागे मेक्सिकोतल्या चिचेन इत्झाचा माया पिरॅमिड, जमिनीवर पेरूतल्या नाझ्काच्या रेषा आणि जागोजागी इंग्लंडमधले प्रसिद्ध खडक, अगदी एव्हबरीच्या प्राचीन शिळांसह. कुणी याला सर्वधर्मसमभाव म्हणेल, मला ते पर्यटकाच्या पोस्टकार्डांच्या वहीसारखं वाटतं. पण चित्र म्हणून ते सुंदर आहे, आणि निदान त्याने आपल्या देवांना पोशाखी नटवलं नाही. त्याआधी १९६७ मध्ये जिमी हेंड्रिक्सच्या 'अॅक्सिस: बोल्ड अॅज लव्ह'वर विष्णूच्या विश्वरूपाच्या छापील चित्रात देवाच्या जागी हेंड्रिक्स आणि त्याचे साथीदार बसवले होते. खुद्द हेंड्रिक्सलाही ते खटकलं. त्याचं म्हणणं असं की रेड इंडियन परंपरेतलं काही घेतलं असतं तर त्याच्या स्वतःच्या मुळांशी जास्त जुळलं असतं.

जाता जाता: यसचा कीबोर्ड वादक रिक वेकमन याला हा शास्त्रांचा अल्बम इतका कंटाळवाणा वाटे की मँचेस्टरच्या कार्यक्रमात त्याने स्टेजवर कीबोर्डजवळ बसून चक्क करी खाल्ली. हा किस्सा तो स्वतःच सांगतो. दौरा संपल्यावर त्याने बँड सोडला.

डीनच्या तरंगत्या डोंगरांवरून कोर्टकचेरीही झाली. 'अवतार' सिनेमातले हवेत लटकणारे डोंगर आपल्या चित्रांवरून उचलले, असं म्हणत त्याने २०१३ मध्ये जेम्स कॅमेरॉनवर पाच कोटी डॉलर्सचा दावा ठोकला. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या न्यायाधीशांनी तो फेटाळला. चित्रांतलं आणि सिनेमातलं साम्य बघून लोक आजही दोन्ही बाजूंनी भांडतात.

पेटलेला माणूस

पुन्हा पिंक फ्लॉइडकडे येऊ, कारण १९७५ च्या 'विश यू वेअर हिअर'मध्ये चिन्ह आणि अर्थ जितके घट्ट बसलेत तितके क्वचितच कुठे बसतात. या अल्बमचा विषय आहे नसणं. बँडचा मूळ प्राण असलेला सिड बॅरेट मानसिक आजारामुळे केव्हाच दूर गेला होता. रेकॉर्डिंग चालू असताना जून १९७५ मध्ये एक जाडजूड, डोकं आणि भुवया सफाचट केलेला माणूस स्टुडिओत येऊन बसला. बराच वेळ कुणी ओळखलं नाही. तो सिड होता.

कव्हरवर सूट घातलेली दोन माणसं हस्तांदोलन करतायत आणि त्यातला एक पेटलेला आहे. माणसं मनाने समोरच्यापुढे हजर नसतात, कारण पोळण्याची भीती असते, असा त्यामागचा विचार. संगीताच्या धंद्यात सह्या करून हात भाजलेल्यांनाही तो टोला होता. कम्प्युटरचा जमाना नव्हता, त्यामुळे हॉलिवूडजवळच्या वॉर्नर ब्रदर्सच्या स्टुडिओत रॉनी रॉन्डेल या स्टंटमनला खरोखर पेटवलं गेलं. आत अग्निरोधक पोशाख, वर सूट, डोक्यावर विग. पुन्हा पुन्हा पेटवलं, विझवलं. एकदा वारा फिरला आणि ज्वाळा तोंडावर येऊन त्याची मिशी होरपळली.

बाकीची चित्रंही नसण्याचीच. तळ्यात सूर मारलेला माणूस, पण पाण्यावर एक तरंग नाही. त्यासाठी तो पाण्यात उलटा, श्वास रोखून, तरंग शांत होईपर्यंत थांबला होता. वाळवंटात रेकॉर्ड विकणारा माणूस, पण त्याला चेहराच नाही. वाऱ्यावर उडणारा लाल पडदा. आग, पाणी, माती, वारा. आणि कळस म्हणजे एवढा खटाटोप करून काढलेलं हे कव्हर काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून विकलं. कव्हरसुद्धा गैरहजर! वर फक्त हार्डींनी काढलेलं एक स्टिकर होतं, दोन यांत्रिक हात हस्तांदोलन करताना. काही चाहते ते प्लास्टिक फाडायचे नाहीत, कडेने चिरून रेकॉर्ड अलगद बाहेर काढायचे.

१९७७ च्या 'अॅनिमल्स'चं डुक्कर तर प्रसिद्धच आहे. सत्तेतल्या माणसांचं चिन्ह म्हणून चाळीस फुटी रबरी डुक्कर लंडनच्या बॅटरसी वीजकेंद्रावर उडवायचं होतं. पहिल्या दिवशी दोर तुटला तर गोळी घालायला नेमबाज ठेवला, पण डुक्कर काही उडालं नाही. दुसऱ्या दिवशी नेमबाज बोलावला नाही आणि नेमका दोर तुटला. हीथ्रो विमानतळाच्या वैमानिकांना उडतं डुक्कर दिसलं. शेवटी ते केंट परगण्यातल्या एका शेतात उतरलं. कव्हरवरचा फोटो जोडकामाचा आहे, पहिल्या दिवसाच्या ढगाळ आकाशावर तिसऱ्या दिवशीचं डुक्कर चिकटवलेलं.

गमत्ये कव्हर्सही होती. जेथ्रो टलच्या 'थिक अॅज अ ब्रिक'चं (१९७२) कव्हर म्हणजे चक्क बारा पानी गावठी वर्तमानपत्र होतं, जाहिराती आणि शब्दकोड्यासकट. गाणी लिहिणारा म्हणून त्यात जेराल्ड बोस्टॉक नावाच्या आठ वर्षांच्या पोराचा फोटो होता. गाव खोटं, पोरगाही खोटा, पण अनेकांनी खरं मानलं. कॅनडाच्या रश बँडच्या 'मूव्हिंग पिक्चर्स'वर (१९८१) हमाल तसबिरी हलवतायत, बाजूला त्या बघून लोक रडतायत आणि मागच्या बाजूला या सगळ्याचं सिनेमाचं शूटिंग चाललंय. एकाच नावावर तीन कोट्या.

त्याच रशच्या '२११२'वरचा (१९७६) लाल पंचकोनी तारा मात्र महागात पडला. नग्न माणूस विरुद्ध लाल तारा, म्हणजे एकटा माणूस विरुद्ध त्याला चिरडणारी झुंडीची सत्ता, असं ड्रमर आणि गीतकार नील पीअर्टने वारंवार सांगितलं. पण अनेकांना तो सैतानाचा तारा वाटला आणि बँडवर सैतानपूजेचे आरोप झाले. ज्या सत्तेला विरोध म्हणून तारा काढला, त्याच ताऱ्याचे भक्त म्हणून हे ओळखले जाऊ लागले.

स्विस चित्रकार एच. आर. गीगरची कथा आणखी वेगळी. इमर्सन, लेक अँड पामरच्या 'ब्रेन सॅलड सर्जरी'चं (१९७३) कव्हर दोन दारांसारखं मधून उघडायचं. बाहेर यंत्रात अडकवलेली कवटी, आत डोळे मिटलेली बाई. सहा वर्षांनी हाच गीगर 'एलियन' सिनेमातला राक्षस घडवून जगभर पोचला. कव्हरची मूळ चित्रं मात्र २००५ मध्ये प्रागच्या प्रदर्शनानंतर नाहीशी झाली.

१९८२ मध्ये सीडी आली. एक फुटाचं कव्हर बारा सेंटिमीटरवर आलं. पुढच्याच वर्षी हिप्नोसिसचं दुकान बंद झालं. थॉर्गरसन २०१३ मध्ये गेला. आता गाण्यांच्या अॅपवर तो प्रिझम अंगठ्याच्या नखाएवढा दिसतो, आणि तोही फक्त पुढचा भाग. आतली ठोक्यांची रेघ तिथे नाही, आणि सहा रंग परत एक होऊन पांढरा किरण निघतो ती मागची बाजूही नाही.